पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे कंट्रोल मॉड्यूल बदलताना

विदर्भातल्या खेड्यांत धावणाऱ्या बहुतेक पिकअप अजूनही हाताने गिअर टाकायच्या आहेत. आपल्याकडे बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा असेल, तर तिच्यात हे मॉड्यूल नसतेच. तिचा गिअर अडकला तर क्लच, केबल आणि गिअरबॉक्स पाहावा. पण इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स या पिकअप ऑटोमॅटिक गिअरमध्येही मिळतात. संत्र्याचे बागायतदार आणि रस्त्याची कामे घेणारे कंत्राटदार अशा गाड्या घेऊ लागल्यापासून माझ्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वायरिंगच्या कामासाठी त्या अधूनमधून येतात. त्यांच्या मालकांनी मोठ्या शहरातून एकच निदान ऐकलेले असते, ते म्हणजे गिअरचा कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल. हा भाग महाग असतो, विजेचा सुटा भाग म्हणून तो सहसा परत घेतला जात नाही, आणि निदान चुकले तर पैसे जाऊन बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून हा लेख मॉड्यूल कसे बदलावे याबद्दल असला, तरी त्यातला मोठा भाग ते बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे कसे तपासावे याला दिला आहे.

ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, हा गिअरबॉक्सचा स्वतंत्र संगणक असतो. गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, तेलाचे तापमान आणि गिअरचा दांडा कोणत्या खुणेवर आहे, ही माहिती त्याला सेन्सरकडून आणि इंजिनच्या संगणकाकडून मिळते. त्यावरून तो व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातल्या) सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांना, प्रवाह देतो, सोलेनॉइड तेलाच्या दाबाला वाट करून देतात आणि त्या दाबाने आतले क्लच धरतात किंवा सुटतात. माहिती तुटली किंवा मॉड्यूलला स्वतःचाच भरवसा राहिला नाही, तर ते सगळ्या सोलेनॉइडचा प्रवाह बंद करून गिअरबॉक्स एकाच गिअरवर, बहुधा तिसऱ्या किंवा त्याच्या आसपासच्या गिअरवर, सोडून देते. गाडी घरापर्यंत यावी एवढ्यासाठीच ही सोय असते. तेव्हा गाडी एका गिअरमध्ये अडकली याचा अर्थ मॉड्यूल मेले असा नसून, अनेकदा ते जिवंत आहे आणि त्याने सावधपणे हात आखडता घेतला आहे, असा असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, मृग बहाराची तोड चालू असताना, वरुडकडचे एक बागायतदार नातलगाच्या ओळखीने गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, गाडी तिसऱ्याच्या वर जाऊनच नाही राहिली. मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, थे म्हणतेत कॉम्प्युटर बदला." गाडीच्या संगणकांनी नोंदवलेले दोषांचे क्रमांक, म्हणजे कोड, स्कॅनर लावून वाचले, तेव्हा यू०१०१ हा कोड होता. इंजिनच्या संगणकाला गिअरच्या मॉड्यूलकडून निरोप येत नाही, एवढेच तो सांगतो. निरोप का येत नाही, हे सांगत नाही. मी गाडी रॅम्पवर घेऊन गिअरबॉक्सच्या वरून जाणारी वायरिंगची जुडी आरशात पाहिली, तेव्हा तिथे कुटाराचे आणि कापसाचे घरटे दिसले. ते काढल्यावर नळीला पडलेल्या वीतभर भोकातून दोन तारा उघड्या दिसल्या. एकीच्या तांब्याचे फक्त दोन-तीन धागे शिल्लक होते आणि तेही हिरवट काळे पडले होते. गाडी रोज रात्री कुटाराच्या गंजीला लागून उभी राहत असे. सोयाबीन निघाले आणि वावर मोकळे झाले की उंदीर घराकडे येतात, आणि थंडीत त्यांना बोनेटखालची ऊब मिळते. त्या गाडीला मॉड्यूलची गरज नव्हती. दोन तारा जोडून ती संध्याकाळी परत गेली.

तपासणी कोठून सुरू करावी

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर काहीही उघडू नये; ती कंपनीच्या सेवा केंद्रातच न्यावी. मुदत संपली असेल तर सगळ्यात आधी गिअरबॉक्सचे तेल पाहावे, कारण कमी किंवा जळालेल्या तेलाने बसणारे झटके आणि घसरणारे गिअर मॉड्यूलच्या बिघाडासारखेच भासतात. नव्या गाड्यांत तेल मोजायची काडी बहुधा नसते. तेल ठरावीक तापमानाला असताना खालच्या बोल्टमधून पातळी पाहायची असते, आणि ते तापमान गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. तेल काळे असेल, त्याला जळका वास येत असेल आणि त्यात बारीक चुरा असेल, तर दोष आतल्या क्लचचा आहे आणि नवे मॉड्यूल बसवून तो जाणार नाही.

त्यानंतर कोड वाचावेत. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र पुष्कळदा इंजिनचेच कोड दाखवते आणि गिअरचा म्हणून फक्त पी०७०० देते. त्या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरच्या मॉड्यूलने दोष नोंदवून इंजिनच्या संगणकाला दिवा लावायला सांगितले आहे. खरा कोड गिअरच्या मॉड्यूलच्या आत असतो आणि तो वाचायला त्या मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. सगळे कोड वहीत लिहून घ्यावेत, त्यांच्यासोबत नोंदलेला वेग, तापमान आणि व्होल्टेजही लिहावेत, आणि ते लिहून होईपर्यंत काहीही पुसू नये. पी०७१५ हा आत जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचा कोड आहे, पी०७२० बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या, पी०७०५ दांड्याची जागा सांगणाऱ्या स्विचचा आणि पी०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा. यांपैकी एखादा कोड असेल, तर आधी तो सेन्सर किंवा सोलेनॉइड आणि त्याची तार संशयित धरावी. पी०६०१ म्हणजे आतल्या स्मृतीतली बेरीज जुळत नाही आणि पी०६१३ म्हणजे मॉड्यूलच्या प्रोसेसरमध्येच दोष आहे. हे दोन दिसले तर मॉड्यूलवरचा संशय बळावतो, पण तेव्हाही आधी बॅटरी पाहावी, कारण कमी व्होल्टेजला संगणक भलतेच कोड नोंदवतात.

बॅटरी रात्रभर शांत राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर ती कमजोर आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो, आणि त्या उष्णतेत बॅटरीचे आयुष्य लवकर सरते. वरून ठीक दिसणारी बॅटरी आणि टर्मिनलवर साचलेली पांढरी बुरशी, या दोन गोष्टींनी माझ्या माहितीतली कितीतरी मॉड्यूल विनाकारण बदनाम केली आहेत.

फ्यूज डोळ्यांनी पाहून किंवा नुसता मीटर लावून समाधान मानू नये. एका धाग्यावर टिकलेली तार मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, पण भार आला की तिचे व्होल्टेज बसते. म्हणून मॉड्यूलचा कपलर, म्हणजे त्याला तारा जोडणारा प्लग, काढून त्याच्या वीजपुरवठ्याच्या पिनवर छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावावा आणि तो झगझगीत पेटतो का ते पाहावे. काही पिनना किल्ली बंद असतानाही वीज असते आणि काहींना किल्ली चालू केल्यावरच येते, म्हणून कोणती पिन कशाची, हे वायरिंगच्या नकाशावरून ठरवावे. ज्या तारांतून सेन्सरची माहिती वाहते, तिथे टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. त्याच्या प्रवाहाने चांगले मॉड्यूलही जळते.

अर्थिंग ही गोष्ट सर्वांत कमी तपासली जाते आणि सर्वांत जास्त त्रास देते. कपलर जोडलेला आणि किल्ली चालू असताना मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल तार मॉड्यूलच्या अर्थच्या पिनला मागून बारीक सुईने टेकवावी. मीटरने ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, तर अर्थचा बोल्ट उघडून खालचा गंज आणि रंग खरवडावा. लोडबॉडीला नवा रंग मारताना किंवा गाडीखाली ब्लॅक पेंट करून घेताना अर्थच्या जागेवरही रंग बसतो, आणि दोष काही महिन्यांनी उमटतो.

मॉड्यूल आणि बाकीचे संगणक एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्यांना कॅन म्हणतात. स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटमध्ये त्यांची टोके सहाव्या आणि चौदाव्या पिनवर असतात. बॅटरीची ऋण तार काढून या दोन पिनांमध्ये रोध मोजला तर तो सुमारे ६० ओहम यावा, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध समांतर जोडलेले असतात. १२० आला तर एक टोक तुटलेले आहे. शून्याच्या जवळ आला तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. काही गाड्यांत सॉकेट आणि बाकीच्या जाळ्यामध्ये एक मधला संगणक असतो, तिथे हा आकडा वेगळा येतो. म्हणून पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. उंदराने कुरतडलेली अशी जोडी सांधताना डाग देऊन, वर हीट श्रिंक नळी चढवून, तारा पुन्हा पहिल्यासारख्या पिळाव्यात. दोन बोटांपेक्षा जास्त लांबी सरळ सोडली तर बाहेरचा विजेचा गोंधळ तिच्यात शिरू शकतो.

आता कपलर उजेडात धरून पाहावा. वाकलेली पिन, हिरवी पडलेली पिन आणि ओलावा शोधायचा असतो. एक खूण फार थोड्यांना माहीत आहे. गिअरबॉक्सच्या कपलरचे सील फाटले की आतले लालसर तेल तारांच्या धाग्यांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, हळूहळू वर चढते आणि कित्येक फूट लांबच्या मॉड्यूलच्या कपलरमध्ये उतरते. पिनांवर तेलाचा ओला थर दिसला तर मॉड्यूल बदलण्यापूर्वी खालचे सील बदलणे भाग आहे, नाहीतर नवे मॉड्यूलही त्याच तेलात भिजेल. शेवटी इंजिन चालू ठेवून जुडी हाताने हळूहळू हलवत जावे आणि स्कॅनरवर मूल्ये उडतात का हे दुसऱ्या माणसाने पाहत राहावे. हात फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावेत.

पुरवठा बरोबर, अर्थ बरोबर, कॅन बरोबर, कपलर कोरडा, सेन्सर आणि त्यांच्या तारा ठीक, आणि तरीही मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देत नाही किंवा तोच आतला कोड पुन्हा पुन्हा नोंदवते, एवढे सिद्ध झाले तरच ते दोषी ठरवावे.

सोलेनॉइड आधी मोजावेत, हा धडा मी एका ग्राहकाच्या पैशाने शिकलो आणि त्याची खंत मला आजही आहे. सुरुवातीच्या काळात एका गाडीचे मॉड्यूल खरोखर जळालेले होते, मी नवे बसवले, आणि आठव्या दिवशी गाडी तशीच परत आली. व्हॉल्व्ह बॉडीतल्या एका सोलेनॉइडची गुंडाळी आतून बॉडीला चिकटली होती. तिने जुन्या मॉड्यूलची जी वाट जाळली होती, तीच नव्याचीही जाळली. तेव्हापासून मी नवा कपलर जोडण्याआधी प्रत्येक सोलेनॉइडचा रोध मोजतो आणि तो पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहतो. त्यानंतर प्रत्येक पिन ते बॉडी अशी वाट तुटलेली आहे याचीही खात्री करतो. बॉडीशी जोड दाखवणारी एकही पिन असेल तर नवे मॉड्यूल खोक्यातच राहिले पाहिजे. अर्थात ज्या सोलेनॉइडला अर्थ गिअरबॉक्सच्या धातूमधूनच मिळतो, तिथे जोड दिसणे स्वाभाविक आहे, म्हणून इथेही नकाशा समोर हवा.

कोणते मॉड्यूल घ्यावे

मॉड्यूलवरच्या कागदी पट्टीवर भागाचा क्रमांक असतो. तो शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्यावा, कारण एकाच गाडीच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मॉड्यूलमध्ये तेवढ्याच अक्षराचा फरक असू शकतो. सोबत चेसिस नंबर द्यावा आणि विक्रेत्याकडून त्यावरूनच भाग ठरवून घ्यावा. भंगारातून काढलेले मॉड्यूल स्वस्त मिळते, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर, दुसऱ्या इंजिनासाठीचे सॉफ्टवेअर आणि दुसऱ्या गिअरबॉक्सच्या झिजेचा हिशेब साठवलेला असतो. तो पुसून आपल्या गाडीचा लिहिता येईल याची लेखी खात्री मिळत नसेल तर ते घेऊ नये. जुने मॉड्यूल दुरुस्त करून देणारे कारागीरही आहेत. तुटलेला डाग किंवा जळालेली वाट एवढाच दोष असेल, तर हा मार्ग मला वाईट वाटत नाही, कारण त्यात आपल्या गाडीची माहिती जागेवर राहते.

पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचाच: याचे प्रोग्रामिंग कोण करणार? नवे मॉड्यूल बहुधा कोरे येते. आपल्या तालुक्यात ते करणारा कोणी नसेल, तर नागपूर, अमरावती किंवा अकोल्यापर्यंत गाडी नेण्याचा खर्च आधीच धरावा. आणि ती ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती राहिली तर आतले भाग तेलाविना घासले जातात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हा धोका आणखी वाढतो. गाडी सपाट पाठीच्या वाहनावर चारही चाके उचलूनच न्यावी. बॅटरी पूर्ण मेल्यामुळे दांडा पी, म्हणजे पार्किंग, वरून हलत नसेल, तर दांड्याजवळ झाकणाखाली एक छोटी कळ असते. हँडब्रेक ओढून ती दाबली की दांडा सुटतो.

आणखी एक गोष्ट मॉड्यूल कुठे आहे यावर अवलंबून असते. काही गाड्यांत ते डॅशबोर्डमागे, काहींत बोनेटखाली बॅटरीजवळ असते, आणि ही दोन्ही गॅरेजमध्ये बदलता येतात. काहींत ते इंजिनच्या संगणकातच सामावलेले असते. काही गिअरबॉक्समध्ये ते आत, व्हॉल्व्ह बॉडीवर, तेलात बुडालेले असते. या शेवटच्या प्रकाराला तेलाची परात काढावी लागते, आणि धुळीच्या गॅरेजमध्ये, पांदणीच्या कडेला किंवा गोठ्यात ते काम करू नये. धुळीचा एक कणही व्हॉल्व्हमध्ये अडकून गिअर बिघडवतो.

काढणे आणि बसवणे

गाडी सपाट जागेवर उभी करून दांडा पी वर ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी अडण लावावी. किल्ली काढून खिशात ठेवावी. संगणक किल्ली बंद झाल्यावरही काही मिनिटे जागे राहतात आणि शिकलेली माहिती जपून ठेवतात, म्हणून लगेच बॅटरी तोडू नये. मी १५ मिनिटे थांबतो. मग आधी ऋण तार काढावी आणि ती टर्मिनलला पुन्हा टेकणार नाही अशी कापडात गुंडाळावी. डॅशबोर्डमागे काम असेल तर एअरबॅगची साठवलेली वीज उतरायला आणखी वेळ द्यावा लागतो. पुस्तिकेत दिलेल्या वेळेपेक्षा घाई करू नये आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावू नये.

आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते, की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तीच वीज बोटातून पिनवर उतरली तर नवे मॉड्यूल बसण्यापूर्वीच खराब होऊ शकते. सुती कपडे घालावेत, नवे मॉड्यूल त्याच्या चंदेरी पिशवीतच ठेवावे आणि ते काढण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा. पिनांना बोट लावू नये.

कपलर काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी मोबाइलने फोटो घ्यावेत. एकसारखे दोन कपलर असतील तर त्यांना रंगीत चिकटपट्टीने खुणा कराव्यात. बहुतेक मॉड्यूलच्या कपलरला फिरणारी लॉक पट्टी असते. आधी तिची छोटी अडणी उचलायची, मग पट्टी पूर्ण मागे फिरवायची, तसा कपलर आपोआप बाहेर सरकतो. तारेला धरून ओढणे किंवा पेचकस घालून उचकटणे, या दोन्हींनी आतल्या पिना वाकतात. त्यानंतर १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढून मॉड्यूल सोडवावे.

जुने आणि नवे शेजारी ठेवून क्रमांक, कपलरचा आकार आणि पिनांची संख्या जुळवून पाहावी. कपलर मळका असेल तर इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्यावा. डिझेल, पेट्रोल किंवा पॉलिश पेपर वापरू नये. पेट्रोलने सील फुगतात आणि घासल्याने पिनांवरचा मुलामा जातो. सील फाटलेले असेल तर बदलावे. नवे मॉड्यूल जागेवर बसवून बोल्ट लहान पान्याने बेताने आवळावेत, कारण त्यांचा पाया बहुधा पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो. कपलर हाताने सरळ बसवावा आणि पट्टी विनासायास फिरते आहे ना ते पाहावे. जोर लावावा लागला तर थांबावे. कुठली तरी पिन वाकते आहे. सगळे झाल्यावर ऋण तार शेवटी जोडावी.

प्रोग्रामिंग

प्रोग्रामिंगच्या वेळी मध्येच वीज तुटली तर कोरे मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. गावातल्या विजेचा भरवसा धरून हे काम सुरू करू नये. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा, जोडणीची तार हलणार नाही अशी बांधावी, आणि गाडीच्या बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर लावावा. साधा ट्रॅक्टरची बॅटरी भरायचा चार्जर चालत नाही, कारण त्याचे व्होल्टेज वर-खाली होते. तसा सपोर्ट चार्जर नसेल किंवा वीज जाण्याची वेळ असेल, तर चांगल्या भरलेल्या १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीची समांतर जोड देता येते. एसी, पंखा, दिवे, रेडिओ सगळे बंद ठेवावे आणि काम होईपर्यंत दार उघडबंद करू नये. कंपनीच्या सर्व्हरवरून सॉफ्टवेअर उतरवायचे असेल, तर नेटवर्क नीट मिळते तिथे गाडी आधीच उभी करावी. शिवारात एक-दोन रेघा येतात, तेवढ्यावर हे काम करू नये.

सॉफ्टवेअर भरल्यावर चेसिस नंबर लिहावा. काही गिअरबॉक्सवर सोलेनॉइडच्या गुणधर्मांचा संकेतांक चिकटवलेला असतो, तोही मॉड्यूलला द्यावा लागतो. मग शिकलेली जुनी मूल्ये शून्य करून दांड्याची जागा नव्याने शिकवावी आणि सगळ्या संगणकांतले कोड पुसावेत. या क्रमातला प्रत्येक टप्पा गाडीगणिक बदलतो. शिकलेली मूल्ये ही गिअरच्या क्लचची झीज मोजून दाब ठरवण्याची असतात, आणि ती नव्याने शिकवली नाहीत तर चांगल्या गाडीलाही झटके बसतात. दुरुस्त करून आलेल्या मॉड्यूलमध्ये मात्र मूल्ये तशीच असतात, तिथे ती पुसण्याची घाई करू नये.

चालवून पाहणे

ब्रेक घट्ट दाबून इंजिन चालू करावे आणि पी, आर, एन, डी (पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) या क्रमाने, प्रत्येक जागी काही क्षण थांबत, दांडा फिरवावा. आर आणि डी वर गाडी हलकेच धरते आहे ना, हे पाहावे. मग गाडी रिकामी घेऊन, ॲक्सिलरेटर हलका ठेवून, मोकळ्या डांबरी रस्त्यावर २०-२५ किलोमीटर चालवावी. तेल पुस्तिकेतल्या तापमानाला पोहोचेपर्यंत शिकणे सुरू होत नाही, म्हणून गावातल्या गावात चक्कर मारून काही कळत नाही. समृद्धी महामार्गावर जाऊ नये, कारण तिथे मध्येच थांबता येत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरही जाऊ नये, कारण चाक घसरले की मॉड्यूल चुकीचे शिकते. सोबत बसलेल्या माणसाने स्कॅनरवर गिअरचा क्रमांक, दोन्ही शाफ्टचा वेग आणि तेलाचे तापमान पाहत राहावे. सुरुवातीला एखाद-दुसरा गिअर उशिरा किंवा थोडा कडक पडला, तर घाबरू नये. काही दिवसांत तो सावरतो. मात्र घसरण वाढत असेल, जळका वास येत असेल किंवा तोच कोड परत आला, तर गाडी तिथेच थांबवावी. पहिला माल एका आठवड्यानंतर भरावा आणि तोही अर्धाच.

परत आल्यावर कोड पुन्हा वाचावेत आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी. आठ दिवसांनी अर्थचा बोल्ट आणि कपलर एकदा तपासावा.

पुढे काळजी कशाची घ्यावी, तर लोडबॉडीला जाळी किंवा दांडे वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या दोन्ही तारा आणि मॉड्यूलचा कपलर काढून ठेवावा, आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगावे. गाडी सुरू होत नाही म्हणून २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंपर देऊ नये. बोनेटखाली पाण्याचा जोराचा फवारा मारून धुऊ नये. गाडी कुटाराच्या गंजीपासून आणि ढेपेच्या पोत्यांपासून दूर उभी करावी, आणि हिवाळ्यात आठवड्यातून एकदा बोनेट उघडून घरटे बसले आहे का ते पाहावे. वरुडच्या त्या बागायतदारांनी गाडीसाठी गंजीच्या विरुद्ध बाजूला पत्र्याचे शेड केले आहे. त्यांची गाडी मागच्या पोळ्याला तेल बदलायला आली, तेव्हा मी आधी आरसा घेऊन ती जुडीच पाहिली. नळी जशीच्या तशी होती.